वटवाघूळ, बदक आणि न उघडलेलं कार्ड

मंजिरीताई दामल्यांना माणसाच्या चेहऱ्याआधी मान दिसते. मानेवरची शीर कशी उडते, किती वेळा उडते, मध्येच चुकते का, हे समोरच्याचं नाव कळायच्या आत त्या मोजून मोकळ्या होतात. इंग्लंडात, साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळात, गणपतीच्या आरतीला सगळे डोळे मिटून उभे असतात, तेव्हा या बाई कुणाच्या तरी गळ्याकडे टक लावून बघत असतात. एकदा प्रसाद घेता घेता त्यांनी मंडळाच्या खजिनदारांना "उद्याच्या उद्या ईसीजी काढून घ्या" असं सांगितलं, तर खजिनदारांच्या बायकोने वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. ईसीजीत काही निघालं नाही म्हणून नव्हे, निघालं म्हणून.

सत्तावीस वर्षं त्यांनी एकाच हॉस्पिटलात, एकाच मजल्यावर लोकांची हृदयं वाचली. त्या डॉक्टर नव्हेत. इथे त्या हुद्द्याला भारदस्त नाव आहे, पण पुण्याला त्यांची आई शेवटपर्यंत "मंजू तिकडे पट्ट्या काढते" असंच सांगायची, आणि ते खरंच होतं. पेशंटच्या छातीला चिकट्या लावायच्या, त्यांच्या वायरी काडेपेटीएवढ्या डबीला जोडायच्या, डबी कमरेला अडकवून त्याला घरी पाठवायचं. दुसऱ्या दिवशी डबीतलं कार्ड कॉम्प्युटरात घालायचं की त्या माणसाचा अख्खा दिवस ठोक्याठोक्याने पडद्यावर येतो. डबीला एक बटण असतं. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, की पेशंटने ते दाबायचं, म्हणजे पट्टीवर त्या वेळेला एक बारीक खूण उमटते. खुणेच्या आसपास काय आहे ते मंजिरीताई आधी बघत, बाकीचं नंतर.

एवढ्या परक्यांच्या पट्ट्या वाचल्या, पण एक पट्टी त्यांनी वाचलेली नव्हती, आणि ती घरातच होती. देवघराच्या खणात, केशराच्या रिकाम्या डबीत, नखाएवढ्या एका कार्डावर त्यांच्या नवऱ्याचे बावीस तास होते. ते भरल्यानंतर दोन दिवसांनी श्रीनिवास गेले. त्याला चार वर्षं उलटली. कार्ड उघडलं तर एकच गोष्ट कळणार होती: आपण हे वेळेवर वाचलं असतं तर नवरा वाचला असता की नाही. ती कळून घ्यायची त्यांची हिंमत नव्हती. दर दिवाळीला खण पुसताना त्या डबी बाहेर काढत, पुसत आणि परत ठेवत.

डॉक्टर श्रीनिवास दामले भूल देणारे. त्रेसष्टाव्या वर्षीही आठवड्याचे चार दिवस ऑपरेशन थिएटरात उभे राहायचे आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. दुसऱ्याचा श्वास तासन्‌तास मुठीत धरणारा हा माणूस स्वतःच्या तब्येतीचा विषय निघाला की मात्र उठून चहा टाकायला जायचा. डॉक्टरांच्या घरात हा रोगच असतो. खोकला झाला, घरचं औषध. ताप आला, घरचं औषध. घरात दोघं हॉस्पिटलातली असताना जीपीकडे, म्हणजे इथल्या नेमून दिलेल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन रांगेत कोण बसणार? श्रीनिवासांनी तर नव्या जीपीचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी ते म्हणाले, "मंजू, दोनदा जरा गरगरल्यासारखं झालं. तुझी ती डबी आण ना घरी. तूच लाव, तूच वाच. बाहेर बोलू नकोस. कळलं तर माझ्या ऑपरेशनच्या लिस्ट काढून घेतील."

"अहो, रीतसर रेफरल घ्या की. मी स्वातीला सांगते, ती लावेल," मंजिरीताई म्हणाल्या. स्वाती म्हणजे त्यांच्या हाताखालची मुलगी.

"म्हणजे सोमवारी सगळ्या मंडळाला कळेल."

मंजिरीताईंनी डिपार्टमेंटच्या कपाटातली डबी पर्समध्ये घालून आणली. शनिवारी सकाळी दहाला लावली, रविवारी आठला काढली. सोमवारी डबी कपाटात परत गेली, कार्ड पर्समध्ये राहिलं. डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरात घातलं की कुणाच्या तरी नावाने नोंद होणार, आणि मागे स्वाती बसलेली. गुरुवारी तिची सुट्टी होती. "गुरुवारी निवांत बघ, काही आकाश कोसळत नाही," श्रीनिवास म्हणाले, आणि मंजिरीताईंनी ते ऐकलं. मंगळवारी दुपारी वाण्याच्या दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला नीट लावलेल्या गाडीत ते सापडले. इंजिन बंद होतं, हँडब्रेक ओढलेला होता आणि शेजारच्या सीटवर कोथिंबिरीच्या दोन जुड्या होत्या.

शवविच्छेदनात हृदयाच्या नळ्या थोड्याफार अरुंद निघाल्या आणि कागदावर तेच कारण लागलं. हृदयाच्या विजेतला बिघाड मेल्यावर दिसत नाही, हे मंजिरीताईंइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या गप्प राहिल्या. भेटायला आलेली माणसं म्हणाली, "एका क्षणात गेले हो, काही त्रास नाही झाला." मंजिरीताईंनी सगळ्यांना चहा दिला. मुलालाही त्यांनी काही सांगितलं नाही. पुढे तीन वर्षं त्या त्याच कॉम्प्युटरसमोर बसून परक्यांच्या पट्ट्या वाचत राहिल्या आणि गेल्या वसंतात निवृत्त झाल्या.

मग घर खायला उठलं. मुलगा अंशुमन, इथेच वाढलेला आणि मराठी मोडकंतोडकं बोलणारा, मँचेस्टरला, कॉम्प्युटरच्या नोकरीत. वरची खोली रिकामी होती ती त्यांनी शाल्मलीला दिली. शाल्मली पुण्याची, इथल्या विद्यापीठात प्राण्यांवर पीएचडी करणारी, पोहे करताना अख्खं स्वयंपाकघर हळदीचं करून ठेवणारी, पण गुणी. ऑक्टोबर संपता संपता ती एक दिवस पुठ्ठ्याचं खोकं आणि लॅपटॉप घेऊन खाली आली.

"काकू, तुम्ही हार्ट ट्रेस वाचायचात ना? मला प्लीज हेल्प कराल? माझं एक अख्खं चॅप्टर अडकलंय. एक वटवाघूळ आहे आणि एक बदक आहे."

"हृदय सगळ्यांचं सारखंच असतं," मंजिरीताई म्हणाल्या, "आण इकडे."

पण सारखं नव्हतं. वटवाघूळ होतं अंगठ्याएवढं, फुलातला मकरंद पिणारं. एका काचघरात शाल्मलीने खोटी फुलं टांगून त्यांत साखरपाणी भरलं होतं आणि वटवाघळाच्या पाठीवर तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र चिकटवलं होतं. ते फुलासमोर हवेत जागच्या जागी फडफडत राहतं, जीभ आत घालतं, पितं आणि निघून जातं. त्या वेळी त्याचं काळीज मिनिटाला नऊशेच्या घरात धावतं. पंखांच्या स्नायूंची खरखर त्यात मिसळते, म्हणून सॉफ्टवेअर घोळ घालायचं आणि डोळ्यांनीच ठोके वेगळे काढावे लागायचे.

बदक होतं शेंडीवालं, कॉमनवरच्या, म्हणजे गावच्या मोकळ्या माळावरच्या, तळ्यात हिवाळ्यात दिसतं तसलंच काळंपांढरं. त्याच्या पट्ट्या चाळीस वर्षांपूर्वीच्या, कागदी, विद्यापीठाच्या तळघरात सापडलेल्या. बदक बुडी मारायच्या आधी भराभर श्वास भरून घेतं, काळीज पळायला लागतं. एकदा पाण्याखाली गेलं की ठोके उतरतात. आत नेलेली हवा पुरवून पुरवून वापरायची, तळाचे शिंपले खायचे आणि हवा संपायच्या आत वर यायचं.

"म्हणजे बघा," शाल्मली पाय वर घेऊन खुर्चीत बसली, "दोघांनाही खायचं तर जिथे थांबता येत नाही तिथे थांबावं लागतं. एकाला हवेत, एकाला पाण्यात. पण बॅट सेव्हिंग करतच नाही. आत्ता प्यायलेली शुगर आत्ताच जाळते. एक रात्र खायला मिळालं नाही तर संपलं. डक उलटं, ते सगळं जपून ठेवतं आणि गपचूप बसतं."

मंजिरीताईंना हसू आलं. वटवाघूळ त्यांच्या ओळखीचं होतं. कॉफीच्या कागदी पेल्यावर आणि उभ्या उभ्या खाल्लेल्या वड्यांवर जगणारा, फोनवर कधी तीन मिनिटांच्या वर न टिकणारा अंशुमन. बदकही ओळखीचं होतं, पण ते नाव त्यांनी मनातल्या मनातसुद्धा घेतलं नाही.

शाल्मलीने त्यांच्या लॅपटॉपवर आपलं सॉफ्टवेअर घालून दिलं. जाता जाता सहज म्हणाली, "हे कुठलंही ट्रेस उघडतं हं काकू. प्राण्याचं, माणसाचं, जुनं, नवं. नुसती फाइल टाकायची."

मंजिरीताईंनी मान डोलावली. चार वर्षं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या की वाचायचं म्हटलं तरी घरी वाचता येत नाही, डिपार्टमेंटला गेलं तर नोंद होईल, लोक विचारतील. त्या दिवसापासून हे सांगायची सोय गेली. कार्ड खणात होतं, लॅपटॉप टेबलावर होता आणि मधे पंधरा पावलं होती.

तेव्हापासून घराची कळाच बदलली. बाई तशा भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हेत. मेलेली माणसं त्यांनी पडद्यावर सरळ रेघ होताना पाहिली होती आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं. पण नोव्हेंबरात इथे चारलाच अंधारतं, आणि त्या वेळी जेवणाच्या टेबलावर बदकाची पट्टी पसरून पेन्सिलीने खुणा करत बसलं की मागे कुणी तरी बसल्यासारखं वाटायचं. कागदाची गुंडाळी टेबलावरून घसरून जमिनीवर आपोआप उलगडत जायची. तिचा आवाज थेट श्रीनिवासांच्या सपातांसारखा यायचा, जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत. बॉयलर टकटक करायचा, आणि मंजिरीताई त्याची टकटक मोजायच्या. मोजता मोजता मध्ये एक टक गाळली गेली की त्यांचा हात जागच्या जागी थांबायचा. पुढची टक येईपर्यंत त्या श्वास घ्यायच्या नाहीत.

समोरची खुर्ची श्रीनिवासांची. ती त्यांनी एक दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवली. तशी ती जास्तच भयंकर दिसायला लागली, कुणी तरी रुसून पाठ फिरवून बसल्यासारखी. संध्याकाळी त्यांनी ती पुन्हा सरळ केली आणि तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग ठेवला. शाल्मलीने विचारलं, "काकू, कपडे वर नेऊ?" तर त्या एकदम खेकसल्या, "राहू देत तिथे." पोरगी बिचारी दोन दिवस पाय न वाजवता वावरत होती.

जानेवारीत अंशुमनचा मेसेज आला. जीपीला फॅमिली हिस्ट्री हवी आहे, बाबाला एक्झॅक्टली काय झाला होता? "का रे?" असं मंजिरीताईंनी लिहिलं. "नथिंग. रूटीन," असं उत्तर आलं. त्यांनी "हार्ट अटॅक" असं लिहून पाठवून दिलं. कागदावर तेच होतं, म्हणजे खोटं नव्हतं. दिवसभर त्या स्वतःला हेच बजावत राहिल्या.

त्याच आठवड्यात त्यांना बदकाच्या पट्टीवर एक वेगळीच बुडी सापडली. इतर बुड्यांत बदकाचे ठोके उतरायचे ते बेताने. या बुडीत ते आधी बेताने उतरले आणि मग मध्येच काही तरी झालं. दोन ठोक्यांमधलं अंतर ताणलं गेलं, आणखी ताणलं गेलं, कागदावर नुसती सपाट रेघ, मग एकच ठोका, मग पुन्हा रेघ. मंजिरीताईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि शाल्मलीला हाक मारली.

"हां, ते ना," शाल्मली वाकून बघत म्हणाली. "तळ्यावर कव्हर घातलेलं होतं आणि बाहेर यायला एकच भोक ठेवलं होतं. एरवी डकला भोक दिसत असतं, मग ते रिलॅक्स्ड असतं. या वेळी ते वाट चुकलं. भोक दिसेनासं झालं. वर यायचा रस्ता नाही असं कळलं की हार्ट स्वतःच ब्रेक लावतं, उरलेली हवा वाचवायला."

"त्याला कळतं?"

"कळतंच की. म्हणून तर स्लो होतं."

"मेलं का ते?"

"नाही हो काकू. सापडलं त्याला भोक. हे बघा, इथे वर आलं." तिने बोट ठेवलं तिथे ठोके पुन्हा दाटीवाटीने सुरू झाले होते. "काकू? तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"चहा टाक," मंजिरीताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे रस्त्याकडेला नीट लावलेली गाडी होती. एका क्षणात जाणारा माणूस गाडी कडेला घेत नाही.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, अंशुमनचा फोन आला. मेसेज नव्हे, फोन.

"आई, तू घाबरू नको हं. काल ट्रॅममध्ये उभा होतो, देन नथिंग. डोळे उघडले तर मी फ्लोअरवर, आणि एक बाई माझा हात धरून बसला होता. नाऊ आय ॲम फाइन. पण हा थर्ड टाइम आहे."

"तिसऱ्यांदा?" मंजिरीताईंनी गॅस बंद केला. "तू जीपीला सांगितलंस?"

"सांगितला ना. मॉनिटर लावायचा आहे, पण वेट आहे थ्री मंथ्स. तो म्हणाला, फॅमिलीमध्ये हार्ट रिदमचा काही असता तर अर्जंट झाला असता. पण बाबाला तर हार्ट अटॅक होता." मग त्याचा आवाज लाडिक झाला, लहानपणी गृहपाठ करून मागायचा तसा. "आई, तू ये ना इकडे. तुझ्या त्या बॉक्सपैकी एक आण स्वातीकडून. तू लाव, तूच वाच. घरीच. वर्कमध्ये कोणाला कळायला नको, नवा प्रोजेक्ट माझ्याकडे येतोय."

मंजिरीताईंना वाटलं, फोनमधून दुसराच कुणी तरी बोलतो आहे. शब्द तेच होते, आवाजातली ढबही तीच. चार वर्षांपूर्वी गेलेला माणूस मुलाच्या तोंडून पुन्हा तेच मागत होता.

"मी दुपारी फोन करते," त्या म्हणाल्या. "तोवर घराबाहेर पडू नकोस. आंघोळीला दाराला कडी लावू नकोस."

"आई, यू आर बीइंग ड्रामॅटिक."

"असू दे."

शाल्मली काचघराकडे गेली होती. घरात त्या एकट्याच होत्या. खणातून केशराची डबी काढायला त्यांना दोन मिनिटं लागली आणि कार्ड लॅपटॉपमध्ये सरकवायला अर्धा तास. त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलून सोफ्यावर ठेवले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. श्रीनिवासांना बसायला जागा असावी असं वाटलं, एवढंच. मग त्यांनी फाइल उघडली.

पहिले दोन तास स्वच्छ होते. पासष्ट, सत्तर, जिना चढताना ऐंशी. नवऱ्याचं काळीज इतकं समजूतदार चाललेलं पाहून त्यांना आत कुठे तरी सुटल्यासारखं वाटलं. काहीच नसेल. खरंच नळ्याच असतील. चार वर्षं आपण उगाच जीव जाळला. त्या क्षणभर रडल्यासुद्धा, आणि रडता रडता पुढे सरकल्या.

बारा वाजून वीस मिनिटांनी पहिली खूण होती. खुणेच्या मागे साडेतीन सेकंदांची सपाट रेघ. चार वाजून पाचला दुसरी खूण, चार सेकंद. सहा वाजून दहाला तिसरी. सात एक्केचाळीसला चौथी, सव्वासहा सेकंद. रात्री झोपेत खुणा नव्हत्या, पण रेघा होत्या, अकरा.

शिकाऊ मुलीनेही हे पाहून खुर्ची मागे ढकलून फोन उचलला असता. त्याच रविवारी दुपारपर्यंत श्रीनिवास वॉर्डात असते, सोमवारी छातीत पेसमेकर बसला असता, आणि मंगळवारी कोथिंबीर आणायला दुसरं कुणी तरी गेलं असतं. शंकेला जागाच नव्हती. चार वर्षं ज्याची भीती वाटत होती ते इतकं ठळक, इतकं पुस्तकातल्यासारखं होतं, की मंजिरीताईंना आधी काही वाटलंच नाही. मग वाटलं ते सगळं एकदम. आणि वाटलं ते असं: मी मारलं त्यांना. मंडळातल्या चार बायका काय म्हणतील म्हणून मारलं.

त्यापाठोपाठ दुसरं वाटलं आणि ते जास्त वाईट होतं. बटण चार वेळा दाबलेलं होतं. म्हणजे चारही वेळा श्रीनिवासांना कळलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हृदयाचे आकडे बघत उभा राहिलेला माणूस, त्याला काय कळायचं राहिलं असणार? त्यांनी बटण दाबलं, खिशातून हात बाहेर काढला आणि "काही आकाश कोसळत नाही" म्हणाले. मंजिरीताईंना त्यांचा असा राग आला की त्या समोरच्या खुर्चीकडे बघून मोठ्याने बोलल्या, "का नाही सांगितलंत? का?" घरात बॉयलर टकटकत राहिला.

तीन वाजता त्यांनी मुलाला फोन लावला.

"अंशू, मी डबी आणणार नाही. तू आत्ता हॉस्पिटलात जायचंस, आत्ता, एकट्याने नाही, मित्राला घेऊन. मी तुला एक फाइल पाठवते आहे, ती त्यांना दाखव. ते तीन महिने थांबवणार नाहीत."

"कसली फाइल?"

"बाबांची पट्टी. ते जायच्या दोन दिवस आधीची."

"बाबाची ट्रेस होती?" तो हळूच म्हणाला. "मग डॉक्टर काय म्हणाले होते?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. स्वातीने वाचली, कुणी तरी चुकलं, काहीही सांगता आलं असतं. पोराला हॉस्पिटलात पाठवायला तेवढं पुरलं असतं.

"डॉक्टरांनी पाहिलीच नाही," मंजिरीताई म्हणाल्या. "मी घरी लावली होती, बाबांनी सांगितलं म्हणून, कुणाला कळू नये म्हणून. वाचणार मीच होते. मी वाचली नाही. आज वाचली. त्यात सगळं होतं, अंशू. मी तेव्हा वाचली असती तर ते असते."

मग त्याने, "ओके. पाठव," म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याला त्याच दिवशी ठेवून घेतलं. दुसऱ्या रात्री त्याच्या पट्टीवर पाच सेकंद सापडले आणि बुधवारी त्याच्या छातीत यंत्र बसलं. हे मंजिरीताईंना त्याच्या मेसेजमधून कळलं, चार ओळींच्या. त्या मँचेस्टरला निघाल्या होत्या, तर "नको. नॉट यट," असं आलं. पंचविशीतल्या मुलीला काय सांगायचं, म्हणून त्यांनी शाल्मलीला काहीच सांगितलं नाही. वटवाघळाच्या उरलेल्या पट्ट्या मात्र इमानेइतबारे पुऱ्या केल्या. नऊशे ठोके मोजताना डोक्यात दुसरं काही येत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

तीन आठवड्यांनी, शनिवारी, अंशुमन न कळवता आला. दारात उभा राहिला, वाळलेला, डावा हात अंगाशी धरून. मंजिरीताईंची नजर आधी त्याच्या मानेवर गेली. शीर नीट उडत होती, एका लयीत.

"मला बघायचा आहे," तो म्हणाला. "बाबाचा."

त्यांनी टेबलावर लॅपटॉप उघडला. तो त्यांच्या शेजारी बसला, समोरची खुर्ची रिकामी ठेवून. त्याने पहिली खूण पाहिली, दुसरी पाहिली. सपाट रेघ कशी मोजायची ते त्याने विचारलं आणि त्यांनी शिकवलं. तिसऱ्या खुणेशी तो अडला.

"सिक्स टेन. सॅटरडे. हे तर मी फोन केला होता तेव्हा." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. खुणेच्या आधी ठोके बावन्नवरून ऐंशीवर चढले होते. "हा फास्ट का झाला आहे?"

"तुझा आवाज ऐकून," मंजिरीताई म्हणाल्या. "दर वेळी व्हायचं असणार. दिसलं आत्ता."

तो तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसला. त्या फोनवर आपण काय बोललो होतो ते त्याला आठवत नव्हतं, असं तो म्हणाला, फुटबॉलचं असेल काही तरी. मग डोळे पुसून त्याने पट्टी स्वतःच पुढे सरकवली. सात एक्केचाळीस. त्याने ती लांब रेघ मोजली, शिकवल्याप्रमाणे, आणि पुन्हा एकदा मोजली.

"सहा सेकंद," तो म्हणाला. "आई, तेव्हा तू कुठे होता?"

मंजिरीताईंना "स्वयंपाकघरात" म्हणता आलं असतं. पट्टीवर तेवढं दिसत नाही.

"समोर," त्या म्हणाल्या. "जेवायला बसलो होतो आम्ही. मी भात वाढत होते. त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि माझ्याकडे बघत राहिले. बोलले काही नाहीत. मला वाटलं, पुरे म्हणतायत. मी हसले आणि आग्रह करून, त्यांचा हात बाजूला सारून, आणखी एक डाव वाढला."